कृष्णातनं कार्ड बदललं

हंबीरराव जिवंत आहेत, हे आधी सांगून टाकतो. कारण गेल्या हिवाळ्यात अर्ध्या कसबा बावड्याला ते गेले असं वाटलं होतं.

त्यांची पंचाहत्तरी होती. दूध संस्थेचे जुने चेअरमन, तेव्हा पोरांनी चौकात भलामोठा डिजिटल फलक लावला. फोटो कृष्णातच्या स्टुडिओतला. त्यात हंबीररावांचा चेहरा असा निळसर आणि ओठ असे राखाडी उतरले होते, की येणाराजाणारा खालचं ‘अभीष्टचिंतन’ वाचायच्या आधीच हात जोडून पुढं जायचा. त्यांची चुलत बहीण बाळाबाई एसटीतून फलक बघून उतरली ती रडत थेट दारात. हंबीरराव सोप्यात बसून दाढी करत होते.

बावडा आठवडाभर हसला. मी हसलो नाही. मला कारण माहीत होतं, निदान तसा दाट संशय होता, आणि तो मी वर्षभर पोटात ठेवला होता.

मी बाळासो, फ्रेमवाला. कृष्णातच्या स्टुडिओला लागून माझं दुकान, मधे प्लायवूडची भिंत. तीस वर्षं झाली, तो फोटो करतो आणि मी त्याला काच लावतो. कृष्णातचं वय चोपन्न, बोलणं फटकळ, राग नाकाच्या शेंड्यावर. पण माणसाच्या कातडीचा रंग त्याच्याइतका कोल्हापुरात कुणाला कळत नव्हता. बाकीचे फोटोवाले सगळ्यांना पिठात लोळवल्यासारखं गोरं करतात. कृष्णात नवरीला तिचा रंग द्यायचा आणि शेजारी उभ्या, रानात राबून रापलेल्या तिच्या आईला तिचा. बायका म्हणायच्या, अजून जरा उजळ करा की. तो म्हणायचा, उजळ पायजे तर पुढच्या दुकानात जावा.

अशा माणसाचे फोटो त्या फलकाच्या वर्षभर आधीपासून थंड पडायला लागले. काच लावताना दिसायचं. पांढऱ्या फेट्यावर निळी झाक, लहान बाळाचे गाल थंडीत कुडकुडल्यासारखे. कितीदा शब्द ओठावर आला आणि मी गिळला. त्याच्या रागाला भ्यालो असं मी स्वतःला सांगायचो. खरं म्हणजे मला आण्णा आठवायचे.

आण्णा म्हणजे कृष्णातचे वडील. काळ्यापांढऱ्या फोटोंवर ब्रशनं रंग भरायचे. साठीच्या आत डोळ्यांत काचबिंदू उतरला आणि त्यांनी तो भीतीपोटी कुणाला सांगितला नाही. एका चैत्रात आम्ही दोघं त्यांना हाताला धरून जोतिबाच्या डोंगरावर घेऊन गेलो होतो. गुलालानं माणसं, पायऱ्या, कळस सगळं गुलाबी झालं होतं. श्वास घेतला की घशात गुलाल जात होता. त्या सगळ्याच्या मधोमध उभं राहून आण्णांनी विचारलं, “गुलाल उधळायला सुरुवात झाली काय रं?” कृष्णात तेव्हा पंचवीसचा. त्या दिवशी त्याचा चेहरा जसा झाला होता, तसा मला तो पुन्हा बघायचा नव्हता. म्हणून मी गप्प.

फलकाच्या भानगडीनंतर तो माझ्या दुकानात येऊन स्टुलावर बसला.

“कॉम्प्युटर म्हातारा झालाय,” म्हणाला. “त्याचं ग्राफिक्स कार्ड गेलंय. तेच रंग खायलंय.”

“तसंच असणार,” मी लगेच म्हणालो. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. इथं बुडणारे दोघं होतो आणि काडी एकच.

मग तो खालच्या आवाजात म्हणाला, “बाळासो, मी चौकात जाऊन त्यो फलक बघून आलो. मला निळं काय दिसलं न्हाय. मला हंबीरराव बरोबर दिसले.”

माझ्या हातातली काच मी हळूच खाली ठेवली.

“कार्डामुळंच असंल,” तोच पुढं म्हणाला. “त्या बारा वर्सांच्या मशीनवर चुकीच्या रंगाकडं बघून नजरंला तीच सवय लागली असंल. आता नवं कार्ड बसवतो. बसवलं की त्योच फोटो उघडणार. निळा दिसला, तर चूक मशीनची. आन् न्हाय दिसला तर...”

कार्ड बसवायला संघप्रिया आली. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्याचे कॉम्प्युटर तिनं आठ वर्षं सांभाळले होते, आता शहरात स्वतःचं दुकान आहे. कामाला वाघीण आणि तोंडाला कृष्णातच्या तोडीची. आधी तिनं सगळे फोटो एका वेगळ्या डिस्कवर उतरवून घेतले आणि मग डब्याचं झाकण काढलं. आत बघून तिनं कपाळाला हात लावला. दर खंडेनवमीला त्या डब्यावर वाहिलेलं हळदकुंकू पंख्यानं आत ओढून घेतलं होतं. झेंडूच्या वाळक्या पाकळ्या तारांत अडकलेल्या.

“काका, हे देव्हाऱ्यात वाहायचं असतंय,” ती म्हणाली.

“पोट कुणावर चालतंय माझं?” कृष्णात म्हणाला. पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता.

ब्रशनं झाडत झाडत तिनं समजावून सांगितलं. या कॉम्प्युटरला वेगळं ग्राफिक्स कार्ड नव्हतंच, मुख्य बोर्डावरच भागत होतं. नव्या कॅमेऱ्याचे जड फोटो त्याला झेपत नव्हते. वीजपुरवठ्याचा डबा जुना, म्हणून कमी वीज खाणारं कार्ड, आणि कॅबिनेट अरुंद, म्हणून बुटकं.

“फोटो पटापट उघडतील,” ती म्हणाली. “पण रंगाचं म्हणाल तर कार्डानं काय फरक पडंल असं मला वाटत न्हाय.”

“तू बसव,” कृष्णात म्हणाला.

कार्ड खाचेत बसताना खट् असा आवाज झाला आणि कृष्णात दचकला. झाकण लावून तिनं वायरी जोडायला घेतल्या, तेवढ्यात मॉनिटरची वायर त्यानंच पुढं होऊन खोचली. बटण दाबलं. पंखा फिरला. पडदा काळा. आम्ही बघत राहिलो. पडदा काळाच. कृष्णातनं माझं मनगट धरलं. तो पुटपुटत होता, जोतिबाच्या नावानं चांगभलं. मशीन जळलं म्हणून तो भ्याला असं संघप्रियाला वाटलं. मला कळत होतं, पडदा तसाच काळा राहिला असता तर त्याला सुटल्यासारखं झालं असतं.

“जुन्याच जागी खोचलीसा की काका,” म्हणत तिनं वायर काढून नव्या कार्डात लावली आणि पडदा उजळला.

हंबीररावांचा फोटो आधी उघडायला चहा पिऊन होईपर्यंतचा वेळ घ्यायचा. आता बोट ठेवायचा अवकाश, चेहरा समोर. पडदाभर हंबीरराव. निळे. फलकावर होते तेवढेच निळे.

कृष्णात पुढं वाकला. मग मागं सरला. एक डोळा झाकला, मग दुसरा. आम्ही दोघं त्याच्याकडं बघत होतो.

“काका, चेहरा निळा पडलाय की ह्यात,” संघप्रिया सहज म्हणाली. तिला बिचारीला काय माहीत. “हे तर कुणीबी सांगंल.”

कृष्णात माझ्याकडं वळला. “तुला दिसतंय?”

“आता दिसतंय,” मी म्हणालो. “नव्या कार्डावर.”

इतकं स्वच्छ खोटं मी आयुष्यात बोललो नव्हतो. त्यानं मान हलवली, माऊस बाजूला सारला आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिला. त्याच्या चेहऱ्यावर जोतिबावरचा तो दिवस होता. मला पळून जावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मीच त्याला शहरातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घातले, यंत्रापुढं हनुवटी टेकवून बसवलं, बारीक उजेड टाकून आत बघितलं. दोन तास गेले. सगळा वेळ तो माझी बाही धरून होता.

डॉक्टरबाई वयानं मोठ्या, बोलायला मऊ. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, त्यानं सगळं पिवळं दिसतं, म्हणून हा फोटोत निळा वाढवत गेला, असं त्यांनी सांगितलं. तो काढता येईल. कृष्णातनं श्वास सोडला. पण बाईंचं बोलणं संपलं नव्हतं. डोळ्यांतला दाबही वाढलाय. काचबिंदू. उजव्या डोळ्याची नस बरीच सुकलीय. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली औषधानं राखायची.

“वडिलांना होता, म्हणजे तुम्ही दरवर्षी तपासून घ्यायला हवं होतं,” त्या म्हणाल्या. “निदान रंग बदलले तेव्हा आला असता तरी हा वेळेत सापडला असता. रंग बदलून किती दिवस झाले?”

“फलक लागल्यापास्नं, मॅडम. दीड महिना,” कृष्णात म्हणाला. “त्याच्या आधी काय न्हवतं. ह्यो बाळासो माझा एकेक फोटो हातात घिऊन काच लावतोय. फरक पडला असता तर पयलं ह्यानंच सांगितलं असतं की.”

बाई कागदावर दीड महिना लिहायला लागल्या.

“वर्ष झालं,” मी म्हणालो.

बाईंचं पेन थांबलं. कृष्णातच्या हातातून माझी बाही सुटली. त्यानं आवाजाच्या रोखानं मान वळवली. थेंबांमुळं त्याला माझा चेहरा नीट दिसत नव्हता. त्याचं मला बरं वाटलं, आणि तसं बरं वाटल्याची मला अजून लाज वाटते.