अण्णांच्या कामावर आई

आमच्या घरात वायरला कुणी नुसतं वायर म्हणत नसे. दिव्या-पंख्याला तीन-बावीस, प्लगला तीन-वीस, गिझरला सात-वीस. पहिला आकडा आतल्या तांब्याच्या तारांचा, दुसरा त्या तारेच्या गेजचा. गेज जितका मोठा तितकी तार बारीक, हे उलटं गणित मला शाळेतल्या गणिताच्या आधी आलं. आता दुकानात दीड एमएम, अडीच एमएम म्हणतात. अण्णा, म्हणजे माझे वडील, ते ऐकून घ्यायचे आणि आपलं जुनंच मागायचे. निपाणीहून येऊन राजाजीनगरात त्यांनी चाळीस वर्षं वायरिंगची कामं केली. दुकानदारांनाही त्यांची भाषा पाठ होती.

आईला मात्र यातलं काही कळत नाही, असं आम्ही धरून चाललो होतो. ती घर बघायची, डबा भरून द्यायची. मग दोनेक वर्षांपूर्वी ती अचानक अण्णांबरोबर कामावर जायला लागली. अण्णा नुकतेच टीबीतून उठले होते, महिनोन् महिने गोळ्या खाऊन. मला वाटलं, काळजीपोटी जाते. आधी मी थट्टा केली, "जोडीनं फिरायला चाललाय वाटतं!" ती हसायची. पण हे थांबेना तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. हिचे गुडघे गेलेले, जिना चढली की धाप लागायची, आणि ही बाई अर्धवट बांधलेल्या घराच्या तिसऱ्या मजल्यावर सिमेंटच्या पोत्यावर दिवसभर बसून राहणार! मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, के. आर. पुरमला राहते, आयटीत नोकरी करते. दोन मीटिंगांच्या मध्ये फोन करून मी तिला झापायचे.

"घरी बसून तरी काय करू गं," ती म्हणायची. "तिथं वारं छान येतंय की."

म्हातारपणी हिला नवऱ्याला सोडवत नाही, असंही मी एकदा तिला ऐकवलं. त्याची आता लाज वाटते.

यंदा आई गेली. सकाळी चहा गाळताना छातीत कळ आली आणि दुपारपर्यंत सगळं संपलं.

अण्णा महिनाभर घरात बसून होते. मला बाल्कनीत वॉशिंग मशीनसाठी नवा पॉइंट हवा होता. तो कुणीही करून दिला असता, पण त्यांचं मन रमेल म्हणून मी त्यांनाच बोलावलं. "दुसऱ्या कुणाला तरी सांग की," ते म्हणाले. मी हट्ट केला, म्हणून आले. मेन बोर्डापासून बाल्कनीपर्यंत पट्टी ठोकून त्यांनी तीन वायरी ओढल्या. लाल फेजची, काळी न्यूट्रलची, हिरवी अर्थिंगची. सॉकेट जोडायच्या वेळी अख्ख्या एरियातला करंट गेला. ते थांबले नाहीत. "करंट आला की लावून बघ," म्हणाले आणि मेट्रोने निघून गेले. टेस्टर न लावता त्यांनी काम सोडलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी मी मशीन लावलं. सुरूच होईना, म्हणून हलवून बघायला हात लावला आणि मागे फेकली गेले. पायात रबरी चप्पल होती म्हणून निभावलं. माझी सात वर्षांची मुलगी शेजारी अनवाणी उभी होती, धुवायचा युनिफॉर्म हातात घेऊन.

आमच्या बिल्डिंगच्या इलेक्ट्रिशियनने येऊन सॉकेट उघडलं. "यारु माडिद्दु, अक्का?" त्याने कन्नडमध्ये विचारलं. कुणी केलं हे? फेजच्या जागी हिरवी जोडली होती आणि अर्थिंगच्या जागी लाल. सगळा करंट मशीनच्या पत्र्यात. मी त्याला काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी राजाजीनगरला गेले ती भांडायलाच. "चाळीस वर्षं हेच केलंत ना? लाल आणि हिरवं कळत नाही तुम्हाला?"

"नाही कळत," अण्णा म्हणाले.

मला वाटलं, चिडून बोलतायत. पण ते मान खाली घालून बसले होते. टीबीच्या गोळ्या चालू असतानाच त्यांना लाल आणि हिरवं एकसारखं, मातकट दिसायला लागलं होतं. त्या गोळ्यांनी क्वचित कुणाला तसं होतं, आणि लगेच सांगितलं असतं तर औषध बदलता आलं असतं. पण लाल न दिसणाऱ्या वायरमनला काम कोण देणार, म्हणून ते गप्प राहिले. फक्त आईला सांगितलं. जुन्या घरांत टेस्टरवर भागायचं. नव्या बांधकामात वायरींत करंटच नसतो, तिथे रंगच बघावा लागतो. पाइपातून सात-आठ टोकं बाहेर आली की शिडीवरून अण्णा एकेक धरायचे आणि आई खालून सांगायची.

"काय सांगायची?" मी विचारलं.

"तीन-वीस लाल, प्लगची. तीन-बावीस काळी, लाइटची. मी विचारायच्या आधीच. दोन वर्षांत एकदा पण चुकली नाही बघ."

मला रडू आवरेना.

"तिला धाप लागायची," अण्णा म्हणाले. "मी म्हणायचो, स्वल्प बस, मग चल. मला दिसत होतं गं. पण तिच्याशिवाय काम होत नव्हतं माझं." मग म्हणाले, "तिच्या डॉक्टरांना विचारशील काय? जिन्यांनी झालं का ते?"

विचारते, मी म्हणाले.

अण्णांनी काम सोडलं. जुनी गिऱ्हाइकं फोन करतात, त्यांना ते गावाला आलोय म्हणून सांगतात. मी दर रविवारी जाते. चहा झाला की ते विचारतात, "भेटले काय डॉक्टर?" मी नाही म्हणते.

डॉक्टरांना मी त्याच आठवड्यात भेटले. हृदय आधीच कमजोर होतं, जिने चढणं बंद करा, असं त्यांनी आईला वर्षभरापूर्वीच बजावलं होतं. ती "सरी, डॉक्टर", म्हणजे बरं, म्हणाली होती. घरी आल्यावर तिने कुणालाच काही सांगितलं नाही, आणि शेवटच्या दिवसापर्यंत अण्णांबरोबर जात राहिली.