बाणांची वाट

पूर्वी त्या पठारावर पोचलं की वाट हरवायचीच. गुरांच्या वाटा चहूकडे फुटलेल्या. त्यांतली गडाची कोणती, ते कळायचं नाही. मग कारवीच्या कुडाच्या त्या एकट्या झोपडीकडे वळायचं आणि लांबूनच हाक मारायची, "मावशी, गडाची वाट कुठली?" मावशी आधी पाण्याचा तांब्या आणायची, कुठले, कोण, सगळं विचारून घ्यायची आणि मग गडाची वाट फुटते त्या उंबराच्या झाडापर्यंत स्वतः सोबत यायची.

आता दगडादगडावर पांढरे बाण रंगवलेत. सोय झाली, नाही कशाला म्हणू? परवा त्या बाणांमागून जाताना झोपडी कधी मागे पडली, कळलंसुद्धा नाही. लक्षात आलं तेव्हा चुटपुट लागली. कुणावाचून अडेनासं झालं की माणसाकडे जायला निमित्तच उरत नाही.

मागे फिरलो. मावशी दारात वाल सोलत बसली होती, बरीच थकलेली. काय बोलावं सुचेना, म्हणून जुनंच विचारलं, "मावशी, गडाची वाट कुठली?"

तिने कपाळावर आडवा हात धरून माझ्याकडे पाहिलं.

"बाण काढल्यात की समद्या दगडांवर," ती म्हणाली, आणि जागची उठली नाही.