करंगळी नसलेला हात

शवागारातून हसत बाहेर पडलेली बाई मी आज पहिल्यांदा बघितली.

मी अंगठेबहाद्दर. बेवारशी मयत आलं की मी बघून सांगायचं आणि ऑफिसातल्या मॅडमनी कॉम्प्युटरात घालायचं. त्यात ठरलेले रकाने नाहीत. कुणाचं गोंदण, कुणाचा सोन्याचा दात, ज्याचं जे असेल ते. कालच्या म्हाताऱ्याचं मी सांगितलं, निळा सदरा, नव्या चपला. चपला माझ्या मापाच्या होत्या, म्हणून तेवढ्याच नीट बघितल्या.

आज एक मावशी नवऱ्याला शोधत आली. म्हणाली, "महिना झाला घरातून जाऊन, कपड्यांचं काय सांगू? डाव्या हाताला करंगळी नाही बघा."

मॅडमनी करंगळी टाकून शोधलं. काहीच आलं नाही.

"नाही ना? म्हंजे जिता हाय," म्हणून मावशी हसत गेली.

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. "भाऊ, कालच्या म्हाताऱ्याचा हात बघितलावता ना?"

यंत्राचा काय दोष? जे घातलं नाही ते त्याच्या लेखी जगातच नाही. मी तर डोळे असून त्याच्याहून ढ. जाऊन चादर उचलली. डाव्या हाताला चारच बोटं.

मावशी समोरच्या टपरीवर चहा पीत होती, फुंकर मारत, सावकाश. मी रस्ता ओलांडला आणि तिचा कप रिकामा होईपर्यंत बाजूला उभा राहिलो.