ऑफिस सुटल्यावर उघडणारं फूल

“मॅडम, तुमची फुलं मेलीत,” ग्रॅहम म्हणाला.

सकाळचे नऊ वाजले होते. फेब्रुवारी महिना, नव्वदीच्या दशकाचा शेवट. रास अल खैमाच्या डोंगरात एका अरबाबचं, म्हणजे मालकाचं, नवं फार्महाऊस. त्याच्या मागच्या बाजूला आम्ही उभे होतो. ग्रॅहम अरबाबचा लँडस्केप कन्सल्टंट. आम्ही केलेलं काम पास करायचं की नापास, ते तो ठरवणार. मी कॉन्ट्रॅक्टरची हॉर्टिकल्चरिस्ट. साध्या मराठीत, माळ्यांची हेडमास्तरीण. शारजातल्या रोल्लाहून पहाटे निघून आले होते.

“मेलेली नाहीत,” मी म्हटलं. “दुपारी दोनच्या सुमारास उघडतात. संध्याकाळी मिटतात, ती कायमची. उद्या दुसरी.”

मी त्याला गंडवतेय अशा नजरेने तो बघायला लागला.

प्रकरण असं होतं. घर बांधलं होतं ते जुन्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांवर. पूर्वी तिथे पावसाच्या पाण्यावर गहू व्हायचा. एका कोपऱ्यात रानआयरिस होती. फुलवाल्याकडे मिळते त्या ऐटदार आयरिसची ही ठेंगणी चुलतबहीण. वीतभर उंची, जमिनीवर लोळणारं एखाददुसरं पान, खाली सुपारीएवढा कंद आणि वर निळंजांभळं फूल. पाऊस झाला तर थंडीत काही आठवडे दिसते, उरलेलं वर्ष जमिनीखाली झोपून काढते. शेळ्या तिला तोंड लावत नाहीत. पाणी जास्त झालं की कंद कुजतो. शास्त्रज्ञांनी तिचं घराणं दोन-तीनदा बदललंय, तिला बिचारीला त्याचा पत्ता नाही.

तिची एकच खोड. तिकडची सरकारी ऑफिसं दुपारी लवकर सुटायची. सगळी इन्स्पेक्शन्स सकाळी. आणि ही बाई उघडणार ऑफिसं सुटल्यावर! त्यामुळे बहुतेक साहेबलोकांच्या मते ती अस्तित्वातच नव्हती.

अरबाबने सुरुवातीलाच मला त्याच्या कामचलाऊ हिंदीत सांगितलं होतं, “ये कोना मेरी माँ का है. हाथ नहीं लगाना.” त्याची आई याच शेतावर जन्मली होती. बऱ्याच वर्षांनी ती तिथे येणार होती, आणि तीही नेमकी या इन्स्पेक्शनच्या दिवशीच, दुपारी.

आता आमच्या धंद्यात ‘हात लावू नका’ ही सूचना कोणाला झेपतच नाही. ड्रॉइंगमध्ये तो कोपरा ‘प्लांटिंग एरिया’ होता. प्लांटिंग एरिया म्हणजे पाण्याची पाइप हवीच, मग तिथे निवडुंग असो नाहीतर दगड. मी नियमाप्रमाणे पाइप टाकली होती. व्हॉल्व्ह मात्र कधी उघडला नव्हता.

“क्लायंटच्या आईला मी उघडी माती दाखवणार नाही,” ग्रॅहम म्हणाला. “हे खरवडून काढा. पिटुनिया लावा. दुपारच्या आत.”

पिटुनियाचे, म्हणजे झटपट रंग देणाऱ्या हंगामी फुलांचे, ट्रे पिकअपमध्ये होतेच. ते नेहमीच असतात. दुबईतल्या कुठल्याही संकटावर पिटुनिया हा रामबाण उपाय.

मी दुबईत अल क्वोजला असलेल्या आमच्या ऑफिसला फोन लावला. आमचे मालक सरदेसाई साहेब, मूळचे सांगलीचे, वीस वर्षं दुबईत.

“साहेब, तो अरबाबच्या आईचा कोपरा आहे.”

“अगं माधवी, म्हाताऱ्या बाईला रंग दिसला म्हणजे झालं. पिटुनिया लाव आणि खलास कर. कन्सल्टंटशी वाद घालून आजवर कुणाचं भलं झालंय?”

“अरबाबला विचारू का?”

“अजिबात नको! क्लायंटला प्रश्न विचारायचे नसतात, फक्त उत्तरं द्यायची असतात.”

माझं डोकंच सटकलं. तीन महिने मी त्या कोपऱ्याची राखण केली होती. आमच्याच मजुरांपासून, आमच्याच पाण्यापासून, आमच्याच खतापासून. आणि आता रंग हवा म्हणे!

फोरमन रशीदभाई फावडं घेऊन आले. “मॅडम, निकालूँ?”

“हाथ लगाया तो देखना!”

ग्रॅहम बाकीचं फार्महाऊस तपासून होईपर्यंत साडेअकरा वाजले. मग मी त्याच्याकडे गेले आणि अगदी गोड आवाजात साईट इन्स्ट्रक्शन मागितली. साईट इन्स्ट्रक्शन म्हणजे ‘हे बदला’ असा कन्सल्टंटचा सहीचा कागद. एरवी कॉन्ट्रॅक्टर त्यासाठी मागे मागे फिरतात आणि कन्सल्टंट टाळतात, कारण सही केली की जबाबदारी गळ्यात.

“या गवतासाठी कागद?”

“क्लायंटने राखायला सांगितलेलं आहे, सर. काढायचं तर सही लागेल.”

तो लालबुंद झाला. लेटरहेड जवळ नव्हतं. दुबईच्या ऑफिसमधून फॅक्स मागवायला तो खाली गावात गेला. जाताना तासाभरात येतो म्हणाला. पण तो वाडीतला, म्हणजे कोरड्या नदीच्या पात्रातला, दगडगोट्यांचा रस्ता. त्यात दुपारी गावातली दुकानं बंद. फॅक्स मागवायचा कुठून?

दोन वाजले. एकही फूल नाही. सव्वादोन झाले. नाहीच. आता खरं सांगते, मला धडकी भरली. नेमकी आजच उघडली नाहीत तर? नोकरी जाईल ती जाईल, वर म्हातारीसमोर तोंड काय दाखवू?

आणि एक उघडलं. मग शेजारचं. बघता बघता सगळा कोपरा निळा झाला. रशीदभाई फावड्यावर रेलून बघत राहिले. “अरे मॅडम, ये तो सच में ड्यूटी पे आ गये!”

तेवढ्यात गाडी आली. अरबाबबरोबर त्याची आई काठी टेकत उतरली. तोंडावर जुन्या पद्धतीचा बुरखा, वर डोळे तेवढे दिसत होते. आमची लॉन तिने बघितली नाही, कारंजं बघितलं नाही. सरळ त्या कोपऱ्यात आली आणि मातीत बसली. मला वाटलं, आता डोळे पुसेल.

तिने माझ्या हातातलं खुरपं मागून घेतलं, सराईतपणे एक रोप उपटलं, कंदावरचं तपकिरी साल सोललं आणि कंद तोंडात टाकला. मग दुसरा उपटला.

तीन महिने राखलेलं रोप! मी तिला थांबवायलाच निघाले होते.

“माँ बोलती है, बचपन में भूख लगती थी तो यही खाते थे,” अरबाब म्हणाला. “आज भी वही स्वाद है.”

माझा राग कुठल्या कुठे गेला. माझ्याच डोळ्यांत पाणी आलं.

नेमका तेव्हा ग्रॅहम कुठूनतरी मिळवलेला फॅक्सचा कागद फडकवत पोचला. म्हातारीने त्याच्यासमोर एक सोललेला कंद धरला. “कुल!” म्हणजे खा. अरबाब बघत होता. पर्याय नव्हता.

“सेफ आहे ना हे?” त्याने मला हळूच विचारलं.

“इन्शाल्ला,” मी म्हटलं.

तो चावत राहिला. “व्हेरी नाइस,” म्हणाला, आणि कागदाची घडी करून खिशात घातली. त्याच दुपारी काम पास झालं.

पुढच्या वर्षी अरबाबने पुन्हा बोलावलं. आईसाठी वरची आणखी दोन शेतं त्याला आहेत तशीच ठेवायची होती. सरदेसाई साहेब रिकामा कागद पुढ्यात घेऊन बसले.

“माधवी, काहीच न करण्याचं कोटेशन कसं बनवायचं गं?”

“भरभक्कम बनवा, साहेब. आपल्या लाइनमधलं सगळ्यात अवघड काम आहे ते.”