कोरड्या फरशीवरचा पिवळा बोर्ड

‘फरशी ओली आहे, जपून चाला’ असा पिवळा बोर्ड कुठंही दिसला, दवाखान्यात म्हणा, बँकेत म्हणा, की मी आधी खाली वाकून फरशी बघते. नवरा वैतागतो. म्हणतो, "लोक बोर्ड बघून जपून चालतात, तू बोर्ड बघून तपासणी करतेस." करते! आणि फरशी कोरडी निघाली तर त्या दाराशी मी घुटमळत नाही, दुसऱ्या कुणाला घुटमळू देत नाही. हे मला एका बाईनं शिकवलं. विमानतळावर तिला सगळे ओली मावशी म्हणायचे.

लेक तेव्हा पाच महिन्यांची. बाळंतपणाची रजा संपली आणि ऑफिसनं पहिलंच काम काय द्यावं, तर समुद्रापलीकडे जाऊन प्रशिक्षण घेऊन या. आज जायचं, उद्या रात्री परत. मी फ्रीजमध्ये दूध काढून ठेवलं, सासूबाईंना शंभर सूचना दिल्या, त्यांनी त्यातल्या नव्व्याण्णव सोडून दिल्या, आणि मी निघाले. जाणं ठीक झालं. येताना विमान बदलायला एका विमानतळावर उतरले आणि तिथंच घोडं अडलं.

कुठल्या तरी दूरच्या बेटावर ज्वालामुखी फुटला होता. त्याची राख आभाळात पसरली म्हणून सगळी विमानं बंद. मी खिडकीतून बघते तर आभाळ लख्ख निळं, ढगाचा ठिपका नाही. काउंटरवरच्या मुलीशी भांडलेच मी. "कुठंय राख? दाखवा मला!" ती बिचारी सकाळपासून हेच ऐकत असणार. म्हणाली, "मॅडम, ती खूप वर आहे. बारीक काचेसारखी असते, इंजिनात गेली की वितळून चिकटून बसते. इंजिन बंद पडेल, चालेल तुम्हाला?" हो कसं म्हणणार? समोरच्या मोठ्या फलकावर वरपासून खालपर्यंत एकच शब्द होता, रद्द. बोटीची तिकिटं केव्हाच संपली होती. आणि आम्ही फक्त विमान बदलायला उतरलेली माणसं, शहरात पाऊल टाकायचा परवाना नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

एक दिवस गेला, दोन गेले, फलक तसाच. बाकीच्यांचं ठीक होतं. कुणाची मीटिंग बुडाली, कुणाची सुट्टी. त्यांनी सामानाच्या गाड्यांवर मोजे वाळत घातले आणि पत्ते कुटत बसले. माझी गोष्ट वेगळी होती. माझी लेक माझ्याखेरीज कशाला तोंड लावत नव्हती. फ्रीजमधल्या बाटल्या तिनं नाक मुरडत संपवल्या, आणि मग डब्याचं दूध दिलं तर ते भुर्रकन सासूबाईंच्या अंगावर. चमच्यानं दिलं, तेही थुंकलं. फोनवर सासूबाईंचा आवाज कधी नव्हे तो बारीक झाला होता. "मी थेंब थेंब घालतेय गं तोंडात. होईल काहीतरी. पण तू तेवढं अंगावरचं दूध आटू देऊ नकोस. आलीस आणि तेही नसलं, तर हिचं करायचं काय?"

आटू देऊ नकोस! सांगायला सोपं. दूध काढायचा पंप मोठ्या बॅगेत, आणि मोठी बॅग विमानाच्या पोटात. छाती दगडासारखी घट्ट झालेली, अंगात कणकण. मी बायकांच्या टॉयलेटमध्ये बेसिनवर वाकून हातानं पिळत होते आणि रडत होते. त्यात ते आपोआप सुरू होणारे नळ! जरा पुढं वाकलं की सूं करून पाणी. मागून येणारी प्रत्येक बाई आरशातून माझ्याकडे बघायची आणि पटकन नजर वळवायची.

तेवढ्यात निळ्या गणवेशातली एक बाई पोछा घेऊन आली. ठेंगणी, साठीला टेकलेली, एक गुडघा न वाकवता चालणारी. माझ्याकडे तिनं एकदाच बघितलं. काही विचारलं नाही. बाहेर जाऊन दारात पिवळा बोर्ड ठेवून आली, हात वाळवायच्या मशिनचं बटण बंद केलं, फडक्यांच्या खोलीतून एक बुटकं स्टूल काढलं, आणि स्वच्छ टॉवेल गरम पाण्यात बुडवून पिळून माझ्या हातात दिला.

"शेक. वरून खाली. हळू. कुणी येत नाही आता."

"कशावरून?"

"बाहेर बोर्ड लावलाय, फरशी ओली आहे म्हणून."

"पण फरशी तर कोरडी ठणठणीत आहे."

"मग? तुला पोहायचंय?"

इतक्या दिवसांत मी पहिल्यांदा हसले, आणि हसता हसता पुन्हा रडले. ती पाठ करून उभी राहिली आणि शेवटच्या कोपऱ्यापासून दाराकडे पुसत निघाली. तिची तीच रीत, आतून बाहेर. म्हणायची, "घाण दाराकडं ढकलायची असते. लोक उलटं करतात आणि स्वतःच कोपऱ्यात अडकतात."

कॉफीच्या टपरीवरच्या मुलीनं मला पुढचं सांगितलं. ह्या मावशीची फरशी म्हणे वर्षानुवर्षं वाळलीच नाही! वडील गेल्याचा फोन आलेली एक प्रवासी हंबरडा फोडून रडू शकावी म्हणून बोर्ड. हवाई सुंदरीचा स्कर्ट ऐन वेळी उसवला म्हणून बोर्ड, आणि मावशीच्या खिशात सुईदोरा तयार. एका म्हातारीचे कपडे खराब झाले, तर तिला धुऊन, पुसून, मशिनच्या वाऱ्यावर तिचा परकर वाळवून दिला, तोवर बोर्ड. तक्रारी व्हायच्या. मुकादमबाई ओरडायच्या. मावशी म्हणायची, "पाय घसरू नये म्हणूनच असतो ना बोर्ड? मग माणूस घसरू नये म्हणून लावला तर काय बिघडलं?" ओली मावशी हे नाव तिथूनच पडलं.

टॉवेलचा शेक चालू राहिला, पण दूध दर खेपेला कमी येत होतं. हाताला काय कळतंय, बाळाच्या तोंडाची सर त्याला नाही. मी मनातून धसकले होते.

आमच्या बाकांच्या ओळीत एक दाढीवाला होता. दारात उभा राहिला तर दार दिसणार नाही असा आडवा-उभा गडी, आणि छातीशी चार महिन्यांचं पोर. बायको नव्या नोकरीवर पुढे गेलेली, हा मागून पोराला तिच्याकडे नेत होता. त्या पोराचं नेमकं माझ्या लेकीच्या उलटं. ते डब्यावरच वाढलेलं, आणि डबा संपलेला. विमानतळावरची दुकानं पहिल्याच दिवशी रिकामी झाली होती. मावशीनं घरून येताना बाजारातून दुसरा डबा आणला, स्वतःच्या पैशानं, पण तो त्याला मानवला नाही. पाजलं की ओकायचं. रडून रडून त्याचा आवाज चिरकला होता आणि तो एवढा मोठा बाप्या स्वतःच रडायच्या बेतात होता.

दुपारी मावशी माझ्याजवळ आली. "पोरी, एक विचारते. रागावशील."

"विचारा."

तिनं विचारलं. आणि मी रागावलेच. भडकलेच! "मावशी, मी काय गाय आहे का?"

"गाय असतीस तर विचारलं नसतं, नेऊन बांधलं असतं," ती म्हणाली. "नाही म्हणालीस, संपलं. माझा काही राग नाही."

खरोखरच तिनं पुन्हा विषय काढला नाही. माझ्यासाठी बोर्ड लावला, टॉवेल दिला आणि पुसायला लागली. पुसता पुसता माझ्याकडे न बघताच बोलत होती. "माझा थोरला तीन महिन्यांचा होता तेव्हा मी इथं कामाला लागले. ह्याच बेसिनमध्ये ओतलं मी माझं दूध. इकडं मी मोरीत सोडायची, तिकडं पोर शेजारणीकडं रडायचं. पंधरवड्यात आटलं. पोर जगलं म्हणा, आता ट्रक चालवतो, मला उचलून गाडीत बसवतो. पण ते वाहून जाताना बघत राहायची ना मी, ते काही डोळ्यांपुढून जात नाही. त्यानंतर हा बोर्ड असा लावायला लागले."

मला लाज वाटत होती, किळसही वाटत होती, खोटं कशाला बोलू. त्याहून जास्त वाटत होतं की हे माझ्या लेकीचं आहे, ती तिकडं उपाशी आणि मी दुसऱ्याच्या पोराला काय म्हणून देऊ? हे मी बोलून दाखवलं.

"विहीर उपसली तर झरे जिवंत राहतात," मावशी म्हणाली. "झाकून ठेवलीस तर तुझ्या लेकीलाही मिळायचं नाही."

आणि तेवढ्यात भिंतीपलीकडून ते पोर रडलं. चिरका, दमलेला आवाज. काय सांगू तुम्हाला! माझं डोकं अजून नाही म्हणत होतं आणि अंगानं केव्हाच हो म्हणून टाकलं. पान्हा फुटला. सदरा दोन्हीकडून भिजला.

"आणा त्याला," मी ओरडले. "पण त्या दाढीवाल्याला आत आणू नका!"

ते पोर किती वेळ चाचपडलं, नको नको म्हणालं, बाटलीची सवय ना. मग एकदा लागलं ते लागलंच. त्यानं माझं एक बोट धरलं आणि डोळे मिटले. मला हलकं वाटलं, आणि लेकीची इतकी आठवण आली की मी त्याचंच जावळ कुरवाळत बसले. मावशी भिंतीला टेकून उभी होती. पोछ्याच्या दांड्यावर हनुवटी ठेवून बघत होती आणि डोळे पुसत नव्हती, तसेच वाहू देत होती.

मग ते रोजचंच झालं. बाहेर बोर्ड, आणि बोर्डाशेजारी तो दाढीवाला पहाऱ्याला. येणाऱ्या बायकांना तो मान खाली घालून सांगायचा, "फार ओलं आहे हो." त्याच्याकडे बघून कुणाची वाद घालायची छाती नव्हती.

मुकादमबाईंची मात्र होती. एकदा त्या त्याला हातानं बाजूला करून तडक आत आल्या. मी कोपऱ्यात स्टुलावर, पदराआड असावं तसं टॉवेलाआड ते पोर. मावशी त्यांच्या आणि माझ्या मध्ये उभी राहिली.

"बाहेर बायकांची रांग लागलीय, तक्रार आलीय," मुकादमबाई म्हणाल्या. खाली वाकून त्यांनी फरशीवर तळवा फिरवला आणि तो मावशीच्या नाकासमोर धरला. "ही फरशी ओली आहे?"

मावशीनं त्यांच्याकडे बघितलं. मग गुडघा न वाकणारा तो पाय उचलला आणि भरलेली बादली आडवी केली. पाणी सगळीकडे, मुकादमबाईंच्या बुटांतसुद्धा.

"आता आहे," मावशी म्हणाली.

गेली हिची नोकरी, मला वाटलं. मुकादमबाईंनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. टॉवेलाखालून हलणारी इवलीशी टाच त्यांना दिसली असावी. त्यांनी ओले बूट जागच्या जागी झटकले. "नीट पूस," एवढंच म्हणाल्या, "आणि घाई करू नकोस." जाताना त्यांनी दारातला तिरका झालेला बोर्ड स्वतःच्या हातानं सरळ केला आणि रांगेला पलीकडच्या टॉयलेटकडे पिटाळलं.

आणि मग एका सकाळी फलकावरचे शब्द बदलले. अख्खं दालन टाळ्या वाजवायला लागलं. दाढीवाल्याचं विमान आधी होतं. तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला, "ताई, तुम्ही माझ्या..." म्हणाला आणि पोरालाच माझ्यापुढं धरलं. मी त्या पोराचा पापा घेतला आणि म्हटलं, "जा, आईकडे ने त्याला."

मावशी शेवटच्या कोपऱ्यात पुसत होती. मी मिठीच मारली.

"अगं, हात ओले आहेत माझे."

"असू देत. मावशी, तुमचे उपकार मी..."

"पळ आता. विमान थांबून थांबून कंटाळलंय, तुझ्यासाठी आणखी थांबायचं नाही." तिनं माझ्या पाठीवर थाप मारली. त्या ओल्या पंजाचा ठसा घेऊन मी विमानात बसले.

घरी पोचले तर ही एवढी माणसं! नणंद, नणंदेचे यजमान, शेजारचे आजोबा, त्यांचा नातू, सगळे मला बघायला जमलेले. "राख दिसली का गं?" "झोपायचीस कुठं?" मला काही ऐकू येत नव्हतं. सासूबाईंच्या खांद्यावर माझी लेक होती. गाल बसलेले, मान टाकलेली. तिनं माझ्याकडे बघितलं, अगदी परक्यासारखं, ओठ काढला आणि तोंड फिरवून सासूबाईंच्या मानेत खुपसलं. माझे हात तसेच पुढे राहिले. इतक्या दिवसांत जे धरून ठेवलं होतं ते त्या क्षणी सुटेल असं वाटलं.

आणि मी ओरडले, "फरशी ओली आहे! सगळे बाहेर!"

सगळ्यांनी एकदम खाली बघितलं. शेजारच्या आजोबांनी तर एक पाय वर उचलला. सासूबाईंनी कोरडी फरशी बघितली, मग माझ्याकडे बघितलं, मग माझा भिजत चाललेला सदरा बघितला.

"हो की," त्या म्हणाल्या, "ओलीच आहे. मीच पुसलीय आत्ता. चला, चला, व्हा बाहेर, पडाल कुणीतरी." लेकीला त्यांनी माझ्या मांडीवर दिलं आणि दार ओढून घेतलं.

ती रडली. मला चिमुकल्या मुठींनी मारलं, रागच होता तिला, माझ्यावरच गेलीय. मग थांबली. नाक जवळ आणून वास घेतला. आणि मग अशी प्यायली, अशी प्यायली, की घोट मोठ्यानं ऐकू येत होते. डोळे माझ्यावर रोखलेले, पुन्हा कुठं जाशील तर बघ म्हणून. मी मनातल्या मनात त्या मावशीला, त्या मुकादमबाईंना, त्या दाढीवाल्याच्या पोरालासुद्धा हात जोडले.

दाराबाहेर बादली ठेवल्याचा आवाज आला, मग फडकं पिळल्याचा. सासूबाई खरोखरच फरशी ओली करत होत्या.