तिसरा उमेदवार

एर्डू इग्बावुआ त्या काळात विद्यार्थिनी होती की नव्हती? या साध्या प्रश्नाचे उत्तर प्रस्तुत लेखकाला अखेरपर्यंत देता आले नाही. माकुर्डीच्या त्या विद्यापीठात स्थापत्य अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर पदवीसाठी जे जे लागते, ते सारे तिने पुरे केले होते. सगळे विषय उत्तीर्ण, चर्चासत्रे झालेली, भाताच्या तुसाची राख मिसळलेले मातीचे ठोकळे यंत्राखाली दाबून फोडलेले, विभागातली मौखिक परीक्षाही पार पडलेली. शिकण्यासारखे काही उरले नव्हते, आणि तरीही शिक्षण संपले नव्हते. फाटकावरचा रखवालदार तिला पाहून विचारी, "अजून इथंच?" ती म्हणे, "अजून इथंच," आणि आत जाई.

अडले होते ते एका सहीपाशी. दुसऱ्या विद्यापीठातून एक बहिःस्थ परीक्षक यायचे, प्रबंधावर प्रश्न विचारायचे, सही करायचे, मग पदवी. परंतु एकट्या उमेदवारासाठी परीक्षकांना बोलावण्याची रीत नव्हती. निदान तिघे तयार झाले म्हणजेच त्यांना पत्र जाई. हा नियम कोणत्याही पुस्तिकेत छापलेला नव्हता. त्यामुळे तो शिथिल करा, असा अर्जही कोणाकडे करता येत नसे.

अभ्यासक्रमाचे समन्वयक डॉ. अडाकोले यांच्या टेबलासमोर ती पुन्हा एकदा जाऊन उभी राहिली.

"सर, माझी नोंदणी ऑक्टोबरात संपते. मग नुसती पदविका हातात देऊन घालवतील मला. पॉलिटेक्निकमधली शिकवायची जागा पदविकेवर मिळत नाही."

"मोटर पार्कात कधी गेलीस का गं?"

"रोज जाते, सर."

"गाडी केव्हा सुटते?"

"भरली की."

"आणि सगळ्यांच्या आधी येऊन बसलेलं माणूस काय करतं?"

"घाम गाळतं."

अडाकोले खदखदून हसले. "हुशार आहेस! मग इथं काय उभी राहतेस? जा, आणखी दोन प्रवासी हाक मारून आण. गाडी मी लगेच सोडतो."

पैकी एक प्रवासी सहज मिळाला. तेर्सू हा तिच्या बरोबरीचा मुलगा काम आटोपून राजधानीत, अबुजाला, एका ठेकेदाराकडे लागला होता. फोनवर तो म्हणाला, "तारीख ठरली की सांग, धावत येतो. पण त्याआधी बोलावू नकोस बाई, इथला साहेब फार खडूस आहे." राहिला तिसरा, आणि तिसरे होते ओक्पानाची.

ओक्पानाची राज्याच्या पाणीपुरवठा मंडळात अभियंता होते. पन्नाशी ओलांडलेली, अंगाने भरलेले, बोलायला गोड. शिक्षण-रजा घेऊन ते शिकायला आलेले. खेड्यांतल्या बोअरचे पंप का बंद पडतात, हा त्यांचा विषय. मोजमापे खोकी भरून घरात पडलेली, पण प्रबंध मात्र 'पुढच्या आठवड्यात' पुरा व्हायचा, आणि तो आठवडा काही उजाडत नसे.

एर्डू त्यांच्या वुरुकुम भागातल्या घरी जाऊ लागली. त्यांना ती 'ओगा', म्हणजे साहेब, म्हणे. ओसरीवर टेबल मांडून तिने त्यांचे आलेख नव्याने काढले, प्रकरणे लावली, वाक्ये सरळ केली. ओक्पानाचींची पत्नी ओजोमा चौकाजवळ खानावळ चालवी; दुपारी घरी आली की ती एर्डूपुढे उकडलेला याम, तिकडचा रोजच्या जेवणातला कंद, आणि पामतेल ठेवी. "खा. माझ्या नवऱ्याची अक्कल वापरायची तर अंगात ताकद हवी." एर्डू हसे, खाई, आणि पुन्हा कामाला लागे.

काम मात्र पुढे सरकेना. एकदा लावलेले प्रकरण पुढच्या खेपेला पुन्हा विस्कटलेले दिसे. मार्गदर्शकांनी मागितलेली पंपांची तुलना एर्डूने एका पानावर नेटकी मांडून जोडली होती. एका दुपारी पाहते तो ते पान जागेवर नाही.

"ओगा, हे पान मी गेल्या वेळी लावलं होतं."

"लावलं होतंस."

"मग गेलं कुठं?"

"मी काढलं."

"चुकलं होतं का?"

"नाही," ओक्पानाची म्हणाले. "बरोबर होतं, म्हणून काढलं."

त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि आवाज खाली आणला. "हे बघ पोरी, शिक्षण-रजेवरच्या माणसाची बदली होत नाही. पदवी हातात पडली की मंडळ मला दूर काटसिना-आलाच्या पलीकडं, तिथल्या पंप-केंद्रावर धाडणार. कागद तयार आहेत. ओजोमाची खानावळ इथं आहे. तिनं ती स्वतःच्या हातानं उभी केली. ती सोडून चल, असं मी तिला सांगणार नाही. तुला या दारातून बाहेर पडायचंय, मला आतच राहायचंय."

"म्हणजे तुम्ही आत राहावं म्हणून मी इथं सडायचं?"

"मी तुला बोलावलं नव्हतं. तूच येऊन बसलीस माझ्या गाडीत."

ती ताडकन उठली आणि नदीच्या पुलापर्यंत चालत गेली. राग कोणावर धरावा हेच तिला उमजेना. हा माणूस लबाड नव्हता. जी कोंडी तिचा गळा आवळत होती, तिच्याच आडोशाला त्याने आपला संसार थाटला होता, इतकेच. दोन दिवस ती वुरुकुमकडे फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी मात्र ती ओक्पानाचींच्या ओसरीवर हजर झाली, ती एक निराळाच हिशेब घेऊन.

"ओगा, तुम्ही नापास व्हा."

"काय?"

"तिघांनी परीक्षकांसमोर बसायला हवं. तिघांनी पास व्हायलाच हवं, असं कोण म्हणालंय? मोठ्या दुरुस्त्या सांगून त्यांनी तुम्हाला परत पाठवलं, की तुम्हाला पुरतं एक वर्ष मिळतं. तुमच्या नोंदणीला अजून वेळ आहे. तुम्ही आत, मी बाहेर."

ओक्पानाचींना इतके हसू आले की त्यांनी डोळे पुसले. "शाळेपासून लोक मला पास करायला शिकवण्या देत आले. नापास करायला आलेली तूच पहिली!"

बेत ठरला. तथापि अर्धवट प्रबंध परीक्षकांपुढे ठेवायला मार्गदर्शक राजी होईनात. "ती तुलना कुठंय?" त्यांनी विचारले. एर्डूने ते पान पुन्हा लावले. पान लावले म्हणून शेजारचा आलेख थिटा दिसू लागला. तोही तिने सुधारला. चौथे प्रकरण मुद्दाम कच्चे ठेवायचे, असे दोघांचे ठरले होते. ते तिने कच्चेच ठेवले, फक्त त्यातल्या उघड चुका तेवढ्या दुरुस्त केल्या, कारण चूक समोर दिसत असताना पान उलटणे तिच्या हाताला जमत नव्हते.

सप्टेंबरात परीक्षक आले. रिवाजाप्रमाणे जेवणाची व्यवस्था उमेदवारांकडे होती, आणि तिघांच्या वतीने ती ओजोमाने उचलली. कांडलेला याम, एगुसीच्या बिया वाटून केलेला रस्सा, तळलेला मासा, थंड माल्ट पेयाच्या बाटल्या. परीक्षकांनी दुसऱ्यांदा रस्सा मागून घेतला आणि मगच ते कामाला बसले.

तेर्सू झटपट सुटला. एर्डूचा प्रबंध हाती घेऊन परीक्षक म्हणाले, "पुन्हा तूस! या देशात भात जास्त पिकतो की भाताच्या तुसावरचे प्रबंध?" सगळे हसले. एर्डूला हसता आले नाही. परंतु प्रश्नांची उत्तरे तिने नीट दिली, आणि किरकोळ दुरुस्त्या सांगून त्यांनी सही केली. ती मागच्या बाकावर जाऊन बसली.

ओक्पानाची उभे राहिले. सुरुवातीला सारे ठरल्याप्रमाणे चालले. "नक्की सांगता येणार नाही, सर." "त्याचा विचार केलेला नाही, सर." परीक्षकांच्या कपाळावर आठी दिसू लागली. मग त्यांनी प्रबंध मिटला.

"हे सगळं राहू द्या. माझ्या गावात एक बोअर आहे. पंप नवा बसवला की तीन महिन्यांत बंद पडतो. माझी आई अजून ओढ्याचं पाणी आणते. का होतं असं?"

ओक्पानाचींनी वळून एर्डूकडे पाहिले. तिने मान खाली घातली. मग ते बोलू लागले. वाळू कुठून शिरते, जाळी कशी निवडावी, गावातल्या कोणाला काय शिकवावे, सगळे सांगितले. वाटेत त्यांनी खडू उचलला आणि फळा भरून टाकला. परीक्षक ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "मग हे चौथ्या प्रकरणात का नाही लिहिलंत? आठ दिवसांत लिहा. पास."

बाहेर ओजोमा भांडी आवरत होती. "झालं?"

"झालं," ओक्पानाची म्हणाले.

"परत पाठवलं ना?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. ओजोमाने हातातले पातेले खाली ठेवले आणि ती एर्डूकडे वळली. "माझ्या ओसरीवर बसलीस, माझा याम खाल्लास, आणि माझाच नवरा गावाबाहेर काढलास."

"आंटी, आमचं असं ठरलं नव्हतं."

"ठाऊक आहे गं. म्हणून तर तुझ्यावर ओरडताही येत नाही मला." तिने एका ताटात याम घातला, रस्सा ओतला आणि ताट पुढे केले. "घे. सकाळपासून काही खाल्लं नसशील."

नाही म्हणणे अधिक वाईट दिसले असते. एर्डू भिंतीला टेकून उभ्याउभ्याच जेवली. ओक्पानाची शेजारी उभे होते आणि बोटांवरचा खडू झटकत होते.

मंडळाचा बदलीचा आदेश जानेवारी २०१६ मध्ये निघाला. ओक्पानाची जून २०२१ मध्ये काटसिना-आलाच्या पलीकडच्या त्याच केंद्रावरून सेवानिवृत्त झाले.