जवसाच्या काड्यांमागे दिघोरीपर्यंत

१. दिघोरीहून जवसाच्या वाळलेल्या काड्यांचे एक पोते आमच्या नागपूरच्या प्रयोगशाळेत आले.
२. त्यांपासून शेगडीसाठी जळणाच्या गोळ्या करताना यंत्र तीनदा अडकले.
३. साहेब म्हणाले, सोमवारी जवस पर्यायी जळणाच्या यादीतून काढू.
४. शुक्रवारी मी तेच हातयंत्र घेऊन दिघोरीला निघाले.

लाकडाला पर्याय शोधणे हे आमचे काम. भंडाऱ्याकडे तणीस, म्हणजे भाताचा पेंढा, गुरांसाठी लागते. तूस गिरणीच्या भट्टीत जाते. जवसाच्या काड्यांना मात्र गुरे तोंड लावत नाहीत. यादीत तो माल मीच सुचवला होता. तो का अडकला हे सोमवारच्या आत शोधायचे होते.

आपल्या भटकंती मंडळाचे हे पत्रक वाचून कोणी तिकडे जाणार असेल, तर नागपूरहून सकाळी सहाची एसटी धरावी, खिडकी मिळते. लाखनीपर्यंत तिकीट अकरा रुपये. तिथे ट्रकवाल्यांच्या हॉटेलात आलुबोंडा चांगला, चहा अतिगोड. दिघोरीची गाडी थेट दुपारी. तोवर मी यंत्राच्या खोक्यावर बसून राहिले. एका ड्रायव्हरने विचारले, "शेवयाची मशीन हाय का?" मी हो म्हटले. समजावत बसायची इच्छा नव्हती.

दिघोरीत लॉज नाही. ओळख काढून जावे. मी पार्बताबाईंकडे उतरले. पोते त्यांनीच पाठवले होते. त्या खळ्यावर पाखडत होत्या.

"तुमच्या काड्यांनी यंत्र अडकले," मी सांगितले.

"असं कसं? म्या येक येक काडी निवडून भरली."

"निवडून म्हणजे?"

"बैलाखाली नाई जाऊ देल्या. हातानं बडवून दाना काढला. माल नागपूरले जाऊन राहिला, त कचरा पाठवाव का?"

त्यांचे पती मोतीरामजी बैल सोडता सोडता हसले. "पोरीच्या लग्नात जावई एवढा नाई निवडला हिनं."

"तुमी चूप बसा जी. मले निवडू देलं असतं त तुमी इथं नसते."

खळ्याच्या कडेला बैलांनी तुडवलेला भुगा पडला होता. बोटाच्या पेराएवढे तुकडे, धागा तुटलेला. अख्ख्या काडीतला लांब चिवट धागाच यंत्राच्या मळसूत्राला गुंडाळला जात होता. मला हवा तो माल हा. पण त्यांच्या लेखी तो पाहुण्यांना द्यायचा नव्हता. चूक माझीही होती. पोते आले तेव्हा मी नोंदवहीत "स्वच्छ, उत्तम" असे लिहिले होते.

भुग्यात थोडा शेणकाला कालवून चाळीस मिनिटे दांडा फिरवला. यंत्र एकदाही अडकले नाही. संध्याकाळी बोडीतल्या, म्हणजे गावच्या लहान तळ्यातल्या, मासोळ्यांचा रस्सा आणि भात खाल्ला, दोन्ही उत्तम.

शनिवारी दुपारपर्यंत गोळ्या वाळल्या. एक घागर पाणी बावीस मिनिटांत तापले. धूर सुरुवातीची चार मिनिटे. निखारा बराच वेळ टिकला. पार्बताबाईंनी शेगडीवर हात धरला.

"ऊब चांगली हाय. थंडीत खोलीत ठेवता येन. मंग सरपनाले जंगलात कायले जाव?"

"दार उघडे ठेवून," मी म्हटले.

"हो वं, तेवढं समजते मले."

मी घरी परतले. यापुढे नमुना मागवताना "खळ्यावरचा, न निवडलेला" असे लिहीन. यंत्रात मी काहीही बदलले नाही.

आज सोमवारी साहेबांनी एका चाचणीवर निकाल द्यायला नकार दिला. दहा पोती भुगा आणला तर जवस यादीत राहील. हा भुगा दरवर्षी होळीत जातो, आणि होळी शुक्रवारी आहे. "बेस्तरवारपर्यंत कोनाले हात नाई लाऊ देत," असे पार्बताबाई मी निघतानाच म्हणाल्या आहेत, म्हणजे गुरुवारपर्यंत. कचेरीची जीप मोकळी नाही.

ज्यांच्याकडे जीप किंवा टेम्पो आहे आणि गुरुवारी पहाटे निघता येईल, त्यांनी बुधवारी संध्याकाळी सहापर्यंत मला हो किंवा नाही कळवावे.